पाकिटातला जिवाणू येतो कुठून?

हरभऱ्याचे रोप अलगद उपटून पाहा. मुळांवर गाठी दिसतील. त्यांत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. बायरिंक या डच शास्त्रज्ञाने १८८८ साली ते प्रथम वेगळे काढले.

प्रयोगशाळेत आतून गुलाबी असलेली गाठ बाहेरून निर्जंतुक करून ठेचतात. समुद्रशेवाळातून मिळणारे अगार, जिवाणूंचे अन्न मिसळून, काचेच्या बशीत खरवसासारखे गोठवलेले असते. तार ज्योतीत तापवून, निववून, गाठीच्या रसात बुडवतात व अगारवर रेघा ओढतात. पुन्हा तार तापवून त्याच रेघांतून पुढच्या रेघा ओढतात. ही जिवाणूंची विरळणीच! शेवटच्या रेघांत एकेकटा पडलेला जिवाणू काही दिवसांत वाढून ठिपक्याएवढी वसाहत करतो. अगारात काँगो रेड रंग घातला, तर रायझोबियमचे ठिपके सहसा पांढरट राहतात, इतर पुष्कळसे लाल होतात. निवडलेल्या ठिपक्याची पारख करून तेच वाण वाढवतात आणि पाकिटात भरतात.

हे जिवाणू जिवंत आहेत, हे विसरू नका. पाकिटावरचे पिकाचे नाव आणि मुदत वाचा. पाकीट उन्हात ठेवू नका. चोळलेले बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरा. नाहीतर मेलेले जिवाणूच पेराल!