मशेरी आणि पोटातलं बाळ

गरोदरपणी सिगारेट वाईट, हे बहुतेकांना पटलेलं असतं. पण आपल्याकडे सिगारेट ओढणाऱ्या बायका थोड्या; मशेरी लावणाऱ्या कितीतरी जास्त. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू कुटायची आणि सकाळी बोटाने हिरड्यांवर चोळायची. धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज साफ चुकीचा आहे. हिरडीतून निकोटिन रक्तात उतरतं, वार ओलांडून बाळापर्यंत जातं. रक्तवाहिन्या आकसतात, बाळाला रक्त कमी मिळतं.

मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तंबाखू, त्यातही मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला तेवढी तूटही सोसत नाही: अंग लवकर गार पडतं, दूध ओढायला जोर पुरत नाही.

सिगारेट-बिडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडची भर पडते. तो बाळाचा प्राणवायू तोडतो. म्हणून नवऱ्याने घरात बिडी ओढणंही थांबलंच पाहिजे. धूम्रपान करणाऱ्या मातांच्या मुलांत पुढे चंचलपणा जास्त आढळतो, मात्र त्यात घरच्या परिस्थितीचा वाटा वेगळा काढणं अवघड आहे.

कितव्याही महिन्यात तंबाखू सोडली तरी फायदा होतो. मदतीसाठी १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.