अर्पणाआधी

वसमत तालुक्यातल्या एका वस्तीवर, पत्र्याच्या छपराखाली, मंडळी जमली आहे. आज झावळ्यांचा रविवार. पोरांच्या हातांत शिंदीच्या फांद्या आहेत आणि बायांच्या बोटांवर हळद. शिवारात हळदीचा हंगाम आहे. काढायची, शिजवायची, वाळत घालायची. पहाटेचं काम उरकून या बाया इथं आल्यात.

उपासना ठरल्या क्रमाने चालते. पाळक एक वाक्य म्हणतात, मंडळी उत्तर देते. उत्तर तोंडपाठ, त्यामुळे जीभ पुढे धावते आणि मन मागे राहतं. एकाचा अंगठा मोबाइलवर फिरतोय. दोघीजणी हलक्या आवाजात मजुरीचा हिशेब करतायत. पापकबुली संपते, पण कुणी काही कबूल केलंय असं कुणाच्या चेहऱ्यावर दिसत नाही. मला ते टोचतं.

मग टाळ-ढोलकी घुमते. भजन नारायण वामन टिळकांचं. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मराठी ख्रिस्ती माणसाला देवाशी आपल्या चालीत बोलायला शिकवलं. परक्या साच्यातली भक्ती त्यांना पुरेना, म्हणून 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमुदाय उभा केला. आवाज चढत जातात. तरी सूर लागला म्हणजे मन लागलंच, असं होत नाही.

पाळक यरुशलेमप्रवेशाचा पाठ वाचतात. फांद्या हलवून येशूचा जयजयकार करणारी गर्दी. त्यानंतर मंदिरात त्याने उलथवलेले सराफांचे चौरंग. वाचन संपतं आणि अर्पणाची थैली फिरू लागते.

बायांच्या रांगेत थैली एका म्हातारीपुढे येते. मुठीतली नोट ती टाकत नाही. सतरंजीवर ठेवते, गुडघ्यावर हात टेकून उठते आणि पुरुषांच्या बाजूला बसलेल्या दिरापुढे जाऊन उभी राहते.

“भाऊजी, बांधावरनं म्या तुम्हाला लई वाईट बोलले. ते मनात ठिवून इथं हात कसे जोडू? माफ करा मला.”

दीर गडबडून उठतो. “वहिनी, म्याबी काही कमी बोललो न्हाई. उद्या दोघं मिळून बांध बघू.”

ढोलकीवाल्याचा हात थांबलाय. मोबाइल खिशात गेलाय. म्हातारी परत येते, नोट उचलते, थैलीत टाकते.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू हेच सांगतो: भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे वेदीपाशी आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवावं, आधी समेट करावा. तो भाग इथं पुष्कळांना पाठ असेल. कुणाला तो पाळताना मी आज पाहतोय. औंढा नागनाथचं देऊळही याच जिल्ह्यातलं. तिथं कीर्तन अडवलं म्हणून संत नामदेव देवळामागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा इथं घरोघरी ठाऊक आहे. देव खऱ्या हाकेकडे वळतो, हे या मातीला नवं नाही.

आता प्रभूची प्रार्थना. शब्द तेच, दर रविवारचे. पण क्षमेच्या ओळीपाशी मंडळीचा वेग आपोआप मंदावतो, दोन-तीन माना दुसऱ्या रांगेकडे वळतात. ठरलेला क्रम मोडीत काढा, असं मी म्हणणार नाही. याच क्रमाने म्हातारीला अर्पणापर्यंत आणलं. मात्र एखाद्याला मध्येच उठून कुणापुढे तरी उभं राहता येईल, एवढी जागा त्या क्रमात हवीच. ती नसेल, तर उपासना वेळेवर संपेल आणि बांधाचं भांडण तसंच घरी जाईल.