तीन पत्ते, एक माना

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ १९९३च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत विक्रीला आला, तेव्हा त्यात २९५ कार्डं होती. आज वेगवेगळ्या कार्डांची संख्या २५,०००च्या पुढे गेली आहे. तरीही जगभरातले हौशी खेळाडू घरी बसून स्वतःची नवी कार्डं रचतात. नाव, चित्र, दोन ओळींचा नियम आणि वरच्या कोपऱ्यात किंमत, एवढाच त्यातला ऐवज. पैकी पहिल्या तीन गोष्टी एका संध्याकाळी सुचतात. किंमत मात्र भल्याभल्यांना चकवते.

खेळ असा: प्रत्येकाकडे किमान ६० कार्डांचा स्वतः निवडलेला डेक आणि २० प्राण. जमिनीची कार्डं मांडायची, त्यांतून ‘माना’ नावाची शक्ती मिळवायची आणि ती खर्चून जादू करायची किंवा लढणारे क्रीचर उतरवायचे. पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा असे पाच रंग. प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

खेळाचा जनक रिचर्ड गारफिल्ड मूळचा गणिती. पहिल्याच संचात त्याने एक देखणी जुळणी केली होती. पाच रंगांची पाच कार्डं, प्रत्येकाची किंमत एक माना आणि प्रत्येकातून काहीतरी ‘तीन’ मिळणार. लाल कार्ड तीन इजा करतं, हिरवं एका क्रीचरची ताकद आणि तग (इजा सोसण्याची क्षमता) तिनाने वाढवतं, काळं तीन माना देतं, पांढरं तीन प्राण देतं आणि निळं तीन पत्ते उचलू देतं. कागदावर पाहिलं तर तराजू अगदी समतोल.

पटावर तो पार कलंडला. तीन प्राण म्हणजे थोडी उसंत. तीन पत्ते म्हणजे तीन नवे डाव. निळं ‘अ‍ॅन्सेस्ट्रल रिकॉल’ खेळातल्या सर्वांत बलाढ्य कार्डांत गणलं जातं. गारफिल्डला याचा अंदाज असावा, कारण पाचांपैकी तेवढं एकच दुर्मीळ म्हणून छापलं होतं. पण दुर्मीळ केल्याने कार्ड दुबळं होत नाही, फक्त कमी लोकांच्या हाती पडतं. पुढे खेळ बनवणाऱ्या कंपनीने किंमत सुधारली. २००१च्या ‘कॉन्सन्ट्रेट’मध्ये तीन पत्त्यांना चार माना मोजावे लागतात. उलट त्या पाचांतल्या पांढऱ्या ‘हीलिंग सॅल्व्ह’मध्ये प्राण वाढवणं किंवा इजा टाळणं यांपैकी एकच निवडता येई, २०१८च्या ‘हीलिंग ग्रेस’ने त्याच एका मानात दोन्ही देऊन टाकलं.

आता एक कार्ड रचून पाहू. नाव ‘बुरुजावरचा पहारेकरी’, रंग पांढरा, किंमत दोन माना, ताकद एक, तग तीन. नियम: ‘तुमचा दुसरा एखादा क्रीचर मेला, की एक पत्ता उचला.’ वाचायला छान वाटतं. साथी पडला म्हणून पहारेकरी सावध झाला, गोष्टही जुळते.

पण पांढरा रंग ओळखला जातो तो छोट्या सैनिकांच्या झुंडीसाठी. ते पटापट येतात आणि पटापट मरतात. एक कार्ड डेकमध्ये चार वेळा घेता येतं. पटावर दोन पहारेकरी असले, की एका मरणावर दोन पत्ते, चार असले की चार. आणि चार प्रती असलेलं कार्ड सुरुवातीच्या सात पत्त्यांत येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के आहे. म्हणजे ही गंमत कधीतरी नव्हे, पाच डावांत दोनदा सुरू होणार. शिवाय पत्ते उचलणं हा मुळात निळ्याचा प्रांत. एका रंगाला सगळंच येऊ लागलं, तर उरलेले चार घ्यायचे कशाला?

इलाज थोडक्या शब्दांचा आहे: ‘प्रत्येक पाळीत एकदाच’. २०२१च्या ‘वेलकमिंग व्हँपायर’ या पांढऱ्या कार्डावर अगदी हीच अट आहे. आपले छोटे साथी उतरले, की ते पत्ता देतं, पण पाळीतून एकदाच. या अटीत कल्पना मरत नाही, उलट खेळण्याजोगी होते.

अट नसली की काय होतं, हे २००४च्या ‘स्कलक्लॅम्प’ने दाखवलं. हे क्रीचरला चढवायचं हत्यार. घडवण्याच्या अखेरच्या टप्प्यात त्याचे आकडे बदलले आणि ते ताकद एकाने वाढवून तग एकाने घटवू लागलं. ते धरणारा मेला, की दोन पत्ते. तग घटणं म्हणजे तोटा, असं वरवर वाटतं. पण ज्याचा तगच एक आहे, तो हत्यार चढताक्षणी तग शून्य होऊन मरतो आणि एका मानात दोन पत्ते हाती येतात. तोटा म्हणून लिहिलेला आकडाच इंजिन ठरला. फेब्रुवारीत आलेल्या या कार्डावर जूनमध्ये ‘स्टँडर्ड’ म्हणजे अलीकडच्या संचांपुरत्या स्पर्धांत बंदी आली.

नव्या ‘मेकॅनिक’ची, म्हणजे खेळाच्या नव्या यंत्रणेची, बाब आणखी नाजूक. २०१६च्या ‘कलादेश’ या भारतीय वळणाच्या संचात ‘एनर्जी’ आली. ही शक्ती साठवून हवी तेव्हा वापरता येई आणि समोरच्याला ती हिरावण्याचा मार्ग जवळजवळ नव्हताच. जमीन शोधून देणारं एका मानाचं ‘अट्यून विथ ईथर’ वर दोन एनर्जी देऊन जाई. जानेवारी २०१८मध्ये अशा किरकोळ कार्डावरही बंदी घालावी लागली.   

आणि शब्द! मॅजिकच्या सुरुवातीच्या चाचण्यांत एका कार्डावर इंग्रजीत ‘ऑपोनंट लूझेस नेक्स्ट टर्न’ असं लिहिलं होतं. समोरच्याची पुढची पाळी हुकते, हा गारफिल्डच्या मनातला अर्थ. एका खेळाडूने मात्र वाचलं, समोरचा पुढच्या पाळीत हरतो! चूक वाचणाऱ्याची नव्हती. छापील ‘टाइम वॉक’मध्ये मग ‘एक जादा पाळी खेळा’ अशी बिनचूक भाषा आली.

म्हणून कार्ड रचायचं असेल, तर चित्राच्या आधी कागदाचा कपटा घ्या. त्यावर पेन्सिलीने नियम लिहा, जुन्या कार्डावर ठेवून प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये सरकवा आणि ज्याला तुमची कल्पना ठाऊक नाही अशा मित्राच्या हाती द्या. तो खेळत असताना काहीही समजावून सांगू नका. त्याने चुकीचा अर्थ लावला, तर ती ओळ खोडून पुन्हा लिहा.