उसना चेहरा

आमच्या उमापूरच्या बाजारात पूर्वी एखादा बहुरूपी येत असे. अंगात खाकी कोट, हातात छडी; तो दुकानदारापुढे उभा राहून असा दरडावी की, त्या बिचाऱ्याला घाम फुटे. घटकाभराने तो हसून आपले खरे रूप सांगे, आणि फसलेला दुकानदारच त्याच्या हातावर पैसे ठेवी. सोंग केव्हा उतरवावे, हे त्या कलावंताला पक्के ठाऊक असे.

आता सोंग आणण्याचे काम संगणकातील कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आहे. एकाचा चेहरा घेऊन तो दुसऱ्याच्या छायाचित्रातील धडावर ती काही क्षणांत बसविते. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया पुढे आला, तेव्हा त्याला निदान भाऊंसारखे रूप तरी असावे लागले. या नव्या तोतयेगिरीला तेवढीही अडचण नाही. तुमचे एखादे छायाचित्र तिला पुरते.

हे घडते कसे? मुलांनो, आपण जसा चेहरा पाहतो, तसा संगणक पाहत नाही. छायाचित्र म्हणजे त्याच्या लेखी बारीक रंगीत ठिपक्यांची मांडणी, आणि प्रत्येक ठिपका म्हणजे काही आकडे. असंख्य चेहऱ्यांचे आकडे पडताळून तो दोन गोष्टी निरनिराळ्या करावयास शिकतो. माणूस कोण, ही एक : नाकाची ठेवण, डोळ्यांमधील अंतर, हनुवटीचा घाट. तो त्या क्षणी कसा आहे, ही दुसरी : मान कोठे वळली आहे, ओठांवर हसू आहे की नाही, उजेड कोणत्या बाजूने पडला आहे. चेहरा बदलताना ओळख पहिल्या माणसाची घ्यावयाची आणि मान, हसू व उजेड दुसऱ्याच्या चित्रातील तसेच ठेवावयाचे, अशी ही युक्ती आहे. मग कडांचे रंग एकजीव केले जातात. त्यामुळे कात्रीने कापून डकविलेल्या चित्रासारखा सांधा दिसत नाही. पूर्वी कानाची पाळी, दात किंवा चष्म्याची काडी यांत चूक सापडे. आता तीही सहसा सापडत नाही.

२०२४ च्या जानेवारीत सचिन तेंडुलकर एका मोबाइलवरील खेळाची शिफारस करीत आहेत, अशी चित्रफीत पसरली. ती बनावट असल्याचे त्यांनी स्वतः जाहीर केले, आणि त्यांचे म्हणणे देशाने ऐकले. संगणकाद्वारे दुसऱ्याचे सोंग घेऊन फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

माझ्या ओळखीच्या एका मुलाचे म्हणणे मात्र कोणी ऐकले नाही. सहलीच्या छायाचित्रातील त्याचा चेहरा कोणी गमतीखातर बेड्या घातलेल्या माणसाच्या धडावर बसविला. दुपारी ते चित्र त्याच्या वडिलांच्या मोबाइलवर पोचले. संध्याकाळी घरात पाऊल टाकताच त्याला मार बसला. विचारणा मागाहून झाली. चार दिवस तो शाळेत गेला नाही. मी भेटावयास गेलो, तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, मी काहीच केलं नाही, मग ते सिद्ध मीच का करायचं?"

मला उत्तर देता आले नाही.

पाचव्या दिवशी चित्र करणारा त्याचा सोबतीच रडत आला आणि सहलीचे मूळ छायाचित्र त्याने वडिलांपुढे धरले. वडील दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहत राहिले. सहलीच्या चित्रात मुलगा खळखळून हसत होता. दुसऱ्यात त्याची मान खाली होती, कारण त्या बेडीवाल्याची मान खाली होती.