घाम काय सांगतो?

आषाढात घोटीच्या आसपासच्या खाचरांत भाताची आवणी सुरू झाली की इरल्याखालीही माणसे घामाघूम होतात. एक ग्रॅम घाम वाळताना त्वचेतून सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. पण दमट हवेत घाम वाळत नाही, नुसताच ओघळतो. मग अंग निवत नाही, पाणी आणि मीठ मात्र जाते. हाच घाम शरीराच्या आतली बातमीही बाहेर आणत असतो. सुई न टोचता ती वाचता येईल काय?

घर्मग्रंथी म्हणजे त्वचेतील एक बारीक नळी. तिच्या तळाशी असलेल्या वेटोळ्यात तयार होणारा द्रव जवळजवळ रक्तद्रवाइतकाच खारट असतो. तो वर चढत असताना नळीच्या भिंती त्यातील सोडियम व क्लोराइड बरेचसे परत शोषून घेतात. घाम भराभर वाहू लागला की शोषणाला वेळ अपुरा पडतो व घामाचा खारटपणा वाढतो.

१९४८ साली न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची मोठी लाट आली. तिने आजारी पडलेल्या मुलांत सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाची मुले बरीच आढळली. त्यांच्या घामात मीठ नेहमीपेक्षा फार जास्त असते, हे डॉ. पॉल डी सँटअग्नीझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले. या रोगात क्लोराइड शोषून घेणारा मार्गच बिघडलेला असतो.

तान्ह्या मुलाचा घाम मिळवायचा कसा? गिब्सन व कुक यांनी १९५९ मध्ये यासाठी साधे भौतिकशास्त्र वापरले. पायलोकार्पिन या औषधाचे आयन धनभारित असतात. ते धनाग्राखाली ठेवून अत्यल्प प्रवाह सोडला की सजातीय भारांच्या प्रतिसारणामुळे ते त्वचेत शिरतात आणि तेवढ्याच जागी घाम सुटतो. लिटरमागे ६० मिलिमोल किंवा अधिक क्लोराइड आढळल्यास रोगाची दाट शंका येते. ही कसोटी आजही प्रमाण मानली जाते.

सोडियम मोजण्यासाठी फक्त त्याच आयनांना दाद देणारे अग्र वापरतात. २५ अंश सेल्सिअस तापमानाला सोडियमचे प्रमाण दसपट झाले की विभवांतर सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलते. दुप्पट झाले तर १८ मिलिव्होल्टने. २०१६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी असे संवेदक मनगटपट्टीत बसवून सोडियम, पोटॅशियम, लॅक्टेट व ग्लुकोज एकाच वेळी मोजले.

मग मधुमेह्यांची सुई सुटली काय? अजून नाही. घामातील ग्लुकोज रक्तातल्यापेक्षा साधारण शंभरपटीने कमी असते. शिवाय घामाचा वेग आणि त्वचेवर आधीच असलेले ग्लुकोज यांमुळे मोजमाप चुकते. त्वचेला न टोचता रक्तशर्करा सांगण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांवर व अंगठ्यांवर विसंबू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये दिला. चुकीच्या आकड्यावरून इन्सुलिन घेतले तर जिवावर बेतू शकते.

विद्यार्थिमित्रांनो, आता एक गणित. घामातील सोडियमचे प्रमाण लिटरमागे २० वरून ८० मिलिमोल झाले, तर २५ अंशांना विभवांतर कितीने बदलेल? (उत्तर : चौपट म्हणजे दोनदा दुप्पट; म्हणून सुमारे ३६ मिलिव्होल्ट.)