पेंगणाऱ्या पोराचे लाल कान

पोलादपूरकडची एखादी शाळा घ्या. नववीचा वर्ग, बाहेर मुसळधार. पहाटे वाडीवरून निघून पहिली एसटी गाठलेला मुलगा बाकावर पेंगतोय. सर ओरडतात, “ए, उभा राहा! झोपायला येतोस काय इथं?” वर्ग खो-खो हसतो. पोराचे कान लाल होतात आणि बाक ढकलून तो सरांना असं काही बोलतो, की सगळे चिडीचूप. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत एकच वाक्य: पोरं माजलीयत.

मला मात्र त्या लाल कानांपाशीच थांबावंसं वाटतं.

हार्वर्डच्या लिआ सॉमरव्हिल यांनी आठ ते बावीस वर्षांच्या मुलामुलींना स्कॅनरमध्ये झोपवलं आणि सांगितलं, आता कॅमेरा सुरू होईल, तुमच्याच वयाचं कुणीतरी तुम्हाला बघेल. प्रत्यक्षात बघणारं कुणीही नव्हतं. तरी नुसत्या त्या कल्पनेनं किशोरवयीन मुलं लाजेनं चूर झाली, त्यांना घाम सुटला! २०१३ सालचा हा प्रयोग. एका खोट्या नजरेनं एवढं होतं, तर वर्गातल्या चाळीस पोरांच्या खऱ्या नजरांनी काय होत असेल? सरांवर धावून जाणारा मुलगा पुष्कळदा मागच्या बाकांपुढे आपली पत सावरत असतो. रागाला लगाम घालणारा, कपाळामागचा मेंदू पिकायला त्याला अजून दहाएक वर्षं लागायचीत. त्यात या वयात शरीराचं घड्याळच मागे पडतं, रात्री झोप उशिरा लागते. पहिल्या एसटीची वेळ मात्र तीच.

इथल्या मुलांचं आणखी एक आहे. २२ जुलै २०२१ला महाड पाण्यात बुडालं, तळिये दरडीखाली गेलं, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीवर डोंगर उतरला. तेव्हा प्राथमिक शाळेत असलेली पोरं आता माध्यमिकच्या बाकांवर आहेत. असली भीती झेललेलं मूल रडतंच असं नाही. ते चिडचिडं होतं, मोठ्या आवाजाला दचकतं, अंगावर येतं.

मग शिक्षकांनी करावं काय? कॅलिफोर्नियातल्या पाच शाळांत संशोधकांनी गणिताच्या काही शिक्षकांकडून एक छोटा अभ्यास करून घेतला: शिक्षेआधी मुलाची बाजू समजून घ्यायची. त्यांच्या विद्यार्थ्यांना शाळेतून तात्पुरतं काढण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं, आणि मी ते वाचून थक्क झालो.

त्या पेंगणाऱ्या पोराला वऱ्हांड्यात घ्या ना. पागोळ्या गळत असतात. हळूच विचारा, “सकाळी काही खाल्लंस का रे?” तिथे त्याच्याकडे बघणारं दुसरं कुणी नसतं.