बारा पिशव्या आणि सात बायकांचे पापड

मंडळी, जाळं विणता येणाऱ्या घराला पिशवी विणणं काय जड? तोच धागा, तीच गाठ, फक्त डोळा लहान. करजणला आमच्या घरच्या बायांनी जाळ्याच्या उरलेल्या धाग्यातून बाजाराच्या पिशव्या विणल्या, मोबाईलवर फोटो टाकले, आणि पहिल्याच आठवड्यात वडोदऱ्याहून मागणी आली. आम्हाला वाटलं, झालं, दुकान चाललं!

त्या ताईंनी एक पिशवी घेतली. आवडली. मग संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून बारा मागवल्या. आम्ही घाईत चार घरांत वाटून विणल्या. प्रत्येकीचा हात वेगळा, डोळा वेगळा. काही पिशव्यांत कांदे राहत होते, पण लिंबं खाली पडत होती. ताईंनी पैसे पूर्ण दिले, तक्रार एका शब्दाची केली नाही. आणि पुन्हा कधी काही मागवलंही नाही.

भांडणारं गिऱ्हाईक परवडतं, कारण ते परत येणार असतं. गप्प बसलेलं गिऱ्हाईक गेलेलं असतं. मासळीच्या पाटीवर बसणाऱ्या बाईला हे सांगावं लागत नाही. मोबाईलवर मात्र समोरचा चेहरा दिसत नाही, म्हणून आम्हाला ते उशिरा कळलं.

तेव्हा आठवण झाली ती लिज्जत पापडाची. त्यांची गोष्ट सगळे सांगतात, पण बहुतेक वेळा आकडा मोठा झाला तिथून. आम्हाला उपयोगी पडली ती सुरुवातीची दोन-चार वर्षं.

१५ मार्च १९५९. मुंबईत गिरगावात सात गुजराती बायका एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. हातात उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी तयार झाली चार पाकिटं, ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे दिली. तोटा झाला तरी कोणाकडे देणगी मागायची नाही, हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. म्हणजे विकलं गेलं तरच चूल पेटणार.

सुरुवातीला त्यांनी दोन प्रकारचे पापड काढले, एक चांगला आणि एक स्वस्तातला. ८० रुपये देणारे छगनलाल पारेख, ज्यांना सगळे छगनबाप्पा म्हणत, त्यांनी सांगितलं की एकच काढा, चांगलाच काढा, दर्जा सोडू नका आणि हिशेब चोख ठेवा. बायकांनी ऐकलं. तुटलेले पापड बाजारात न नेता शेजारीपाजारी वाटून टाकले.

पण पन्नास घरांत लाटलेला पापड सारखा कसा राहतो? लिज्जतची युक्ती साधी आहे. पीठ एका ठिकाणी मळायचं. बहिणी ते घरी नेतात, लाटतात, वाळवून परत आणतात. तिथे माल तपासूनच घेतला जातो आणि लाटणावळ मिळते. हात अनेक, पीठ एक.

आमच्या बारा पिशव्यांचं नेमकं इथेच चुकलं होतं. आता आम्ही धागा एका घरी मोजून देतो. डोळा सारखा यावा म्हणून सगळ्यांना एकाच मापाची लाकडी पट्टी दिली आहे. जाळं विणताना आपण पट्टी वापरतोच की! पिशवीला ती लागते हे सुचलं नव्हतं, इतकंच. तयार पिशवीत पाच किलो कांदे भरून खुंटीला टांगून बघतो. नापास झाली तर ती आमच्याच घरी वापरायला.

लिज्जतची दुसरी गोष्ट पावसाची. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. काम चालू राहिलं. गिऱ्हाइकाला पापड जुलैतही लागतो, तुमचा पाऊस त्याला ठाऊक नसतो.

आपलं गणित उलटं आहे. जून लागला की होड्या वर येतात, हात मोकळे होतात, पण तेव्हा गिऱ्हाईक कमी. मासेमारी सुरू झाली, मासळी आली, की घरच्या बायांना श्वास घ्यायला फुरसत नाही, आणि नेमकी तेव्हाच गणपती, नवरात्र, दिवाळीची मागणी येते. म्हणून बंदीच्या दिवसांत विणून ठेवा. जेवढ्या तयार आहेत तेवढ्याच दाखवा. संपल्या की सरळ ‘संपल्या’ लिहा. ‘बघते, करून देते’ म्हणून महिना लावलात तर ते घर तुटलं समजा.

आता मोबाईलवरच्या कामाचं बोलू. आम्ही ठेचा खाऊन शिकलो ते असं:

१. फोटो खिडकीच्या उजेडात काढा. पिशवीत नारळ-कांदे भरून काढा, म्हणजे आकार कळतो. निळ्या धाग्याचा फोटो टाकून हिरवी पाठवू नका. निळा संपला असेल तर आधी विचारा.

२. लांबी, रुंदी, किती वजन पेलते आणि किंमत फोटोखालीच लिहा. ‘किमतीसाठी मेसेज करा’ म्हटलं की निम्मे लोक पुढे सरकतात.

३. गाठ मारतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ टाका. यंत्राची पिशवी बाजारात ढिगाने मिळते. लोक आपल्याकडे येतात ते हाताच्या कामासाठी. तो हात दिसू द्या.

४. चार दिवसांत पोचणार असेल तर सहा सांगा. चार सांगून सहाव्या दिवशी पोचवलंत तर गिऱ्हाईक दोन दिवस चिडलेलं असतं.

५. एक वही करा. कोणी, कधी, काय घेतलं ते लिहा. सणाआधी एकदा निरोप द्या, तोही आधी परवानगी विचारून. रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवलेत की लोक नंबर बंद करतात.

६. तक्रार आली की त्याच दिवशी उत्तर द्या. आम्ही पाकिटात चिठ्ठी घालतो: ‘गाठ सुटली तर पिशवी परत पाठवा, फुकट दुरुस्त करून देऊ.’ जाळी दुरुस्त करणाऱ्यांना हे काय अवघड? पण गिऱ्हाइकाला तो मोठा भरवसा वाटतो.

७. पैसे घेताना सावध. आपल्याला पैसे यायचे असतील तर यूपीआयचा पिन कधीच घालावा लागत नाही. कोणी ‘पैसे मिळवायला पिन टाका’ म्हणाला की फोन ठेवा.

आणि किंमत पाडू नका. समजा धागा ४० रुपयांचा, पाकीट-टपाल ५०, विणायला तीन तास. शेजारचा १२० ला विकतो म्हणून तुम्ही १०० ला विकलीत, तर तीन तासांचे हातात आले १० रुपये. मोठी मागणी आली तर तेवढंच नुकसान मोठं. कमी भावाने आलेलं गिऱ्हाईक त्याहून कमी भावाकडे जातं.

नाखवा मंडळींना एक विनंती. घरच्या बाईने कमावलेले हे पैसे डिझेलच्या डब्यात घालू नका. धाग्याचे पैसे धाग्याला, तिची मजुरी तिच्या खात्यात. बंदीच्या काळात व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागते, आणि मग सगळा हंगाम भाव त्याचा. त्या उचलीतले थोडे रुपये जरी या पिशव्यांनी वाचवले, तरी मासळी विकताना आपण तेवढे मोकळे.

लिज्जतच्या त्या सात जणींची पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये. ‘लिज्जत’ हे नावसुद्धा १९६२ साली पडलं. १९६८ मध्ये महाराष्ट्राबाहेरची त्यांची पहिली शाखा निघाली ती आपल्या गुजरातेतच, वालोडला. आज बहिणींची संख्या ४० हजारांच्या वर आहे. सातांपैकी एक, जसवंतीबेन पोपट, यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. एवढं सगळं झालं, ते दुसरं पाकीट पहिल्यासारखंच निघालं म्हणून.

वडोदऱ्याच्या त्या ताईंना आम्ही गेल्या महिन्यात एक नवी पिशवी पाठवली, पट्टीवर विणलेली, पैसे न घेता. सोबत लिहिलं, ‘मागच्या वेळी आमचं चुकलं.’ अजून मागणी आलेली नाही. पण उत्तर आलं: ‘लिंबं राहिली.’